पाणी टेलपर्यंत पोहोचले

माझं लग्न जमत होतं तेव्हा मध्यस्थानं मुलीकडच्यांना सांगितलं, "मुलगा इरिगेशनमध्ये आहे." त्यावरून सासऱ्यांचा असा समज झाला की मुलगा धरणं बांधतो, आणि मीही तो लग्न लागेपर्यंत दूर केला नाही. पुढे एकदा ते दिग्रसला आले आणि भर दुपारी त्यांनी मला पाहिलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कालव्यातली बेशरम उपटताना. बेशरम म्हणजे ती फिक्कट जांभळ्या फुलांची झुडपं. कितीही उपटा, पंधरा दिवसांत पुन्हा हजर.  परत जाताना ते लेकीला म्हणाले, "सरकारी तं हाय ना? मंग झालं."

मी कालवा निरीक्षक होतो. आमच्या यवतमाळकडे कालव्याला कोणी कालवा म्हणत नाही, नहर म्हणतात, आणि मला म्हणत 'नहरवाले साहेब'. एका शेतकऱ्यानं तर अर्जावर 'माननीय नहर साहेब' असं लिहून पाठवलं होतं. आता निवृत्त होऊन यवतमाळजवळ लोहाऱ्याला घर बांधून राहतो. आजूबाजूला कारखान्यात नोकरी करणारी मंडळी आहेत. त्यांना वाटतं, धरणाचं दार उघडलं की पाणी आपोआप उतारानं शेतात जातं. मग त्यात निरीक्षण कसलं करायचं? त्यांचं चुकत नाही. पाणी उतारानंच जातं. पण उताराच्या वाटेत माणसं बसलेली असतात.

धंदा थोडक्यात सांगतो. तलावातून मोठी नहर निघते. तिला फाटे फुटतात, त्यांना मायनर म्हणायचं. मायनरमधून शेतात जायला छोट्या चाऱ्या. मायनर जिथं सुरू होते ते हेड, जिथं संपते तो टेल. हिवाळ्यात गहू-हरभऱ्यासाठी ठरावीक दिवस पाणी सोडायचं, त्याला पाळी म्हणतात. नियम असा की पाळी टेलकडून सुरू करायची. आधी शेवटच्या शेताला, मग त्याच्या वरच्याला, असं करत हेडवाल्यानं सगळ्यात शेवटी घ्यायचं. कारण उघड आहे. हेडवाल्याच्या दारावरून पाणी जातंच; त्याला आधी द्यायला लागलं की त्याचं पोट भरेपर्यंत पाळी संपते. नियम करणारा माणूस शहाणा होता. फक्त तो आमच्या मायनरवर कधी आला नव्हता.

ती मायनर होती चार-एक किलोमीटरची. गावांची आणि माणसांची नावं मी बदलून सांगतोय. तरी कोणी स्वतःला ओळखलंच तर भांडायला अवश्य यावं, चहा मिळेल. हेडला पिंपळदरा गाव. तिथं नामदेवराव गावंडे यांचं मोठं वावर, म्हणजे शेत, अगदी मायनरच्या तोंडाशी, आणि आणखी एक तुकडा मायनरच्या मध्यावर. टेलला बंजाऱ्यांचा तांडा. तिथं गोदाबाई राठोड यांची पाच एकर जमीन. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून दोनदा घरी, म्हणून शेती बाईच बघायची.

आता माझी कबुली. पाळी चालू असताना मी रोज हेडला जायचो. गेट बघायचो, मोजपट्टीवरची पाण्याची पातळी लिहायचो. मग नामदेवरावांच्या ओसरीवर बसायचो. ते सत्तरीला टेकलेले. पांढरं धोतर, हातात काळी छत्री, ऊन असो की नसो. चहा यायचा. मी विचारायचो, "काकाजी, टेलपर्यंत पोहोचलं का?"

"पोहोचते ना बाप्पा. पाणी काय माह्या घरी राह्यते?"

मी नोंदवहीत लिहायचो: 'पाणी टेलपर्यंत पोहोचले.' टेल चार किलोमीटरवर, वाट काट्याकुट्यांची, मोटारसायकल अर्ध्यातच सोडावी लागे. आणि चहा फार चांगला असायचा. एक-दोन वर्षं नाही, नऊ वर्षं मी हे वाक्य लिहिलं. इतकं सुबक अक्षर माझं दुसऱ्या कुठल्याही वाक्याला आलेलं नाही.

मग आमच्याकडे नवे उपविभागीय अभियंता आले. तरुण, नाशिककडचे, बोलायला मऊ आणि ऐकायला कडक. त्यांनी सांगितलं की ह्या मायनरवर पाणीवापर संस्था काढायची. म्हणजे खातं मायनरच्या तोंडाशी पाणी मोजून देईल. पुढे ते कोणी, कधी, किती घ्यायचं हे शेतकऱ्यांनीच ठरवायचं आणि सांभाळायचं. मला मनातून हसू आलं. मी म्हटलं, "साहेब, मांजरालाच दुधाची संस्था काढून द्यायची म्हणता."

ते म्हणाले, "मनवर, आतापर्यंत दूध कोण सांभाळत होतं?"



पिंपळदऱ्याच्या शाळेच्या व्हरांड्यात पहिली सभा झाली. साहेबांनी समजावून सांगितलं की संस्थेत शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांचे सारखेच संचालक असतील. आमच्या सरकारी मराठीत टेलला पुच्छ म्हणतात. मागच्या रांगेतून तांड्यावरची गोदाबाई उठली. अंगानं किरकोळ, पण आवाज पाणी सोडल्याच्या भोंग्यासारखा.

"साहेब, पुच्छ म्हंजे काय?"

साहेब जरा घुटमळले. नामदेवराव पुढच्या खुर्चीवरून न वळता म्हणाले, "शेपूट, बाई. शेपूट."

लोक हसले. गोदाबाई हसली नाही. म्हणाली, "हाव का? मंग एक सांगा. तोंडानं खाल्लेलं शेपटाले लागते, असं आयकलं व्हतं. आमाले तं काईच लागून नाई राह्यलं. आमच्याकडं पाणी छेनी. नाही म्हंजे नाहीच."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या काखेत नोंदवही होती. ती पुढे बोलली, "ह्या मनवर साहेबाच्या वहीत हाये म्हणे आमचं पाणी. मी तहसिलीत गेलती तं तिथल्या बाबूनं सांगलं, तुमच्या वावरात दरसाल पाणी येते, लिहेल हाये. मंग मी घरी येऊन पुन्हा पाह्यलं. वावर कोरडंच. आता वहीतलं पाणी वावरात कसं आणाव, तेवढं सांगा. आमी आणतो."

 नामदेवराव छत्रीच्या मुठीकडे बघत होते. मी कुठं बघावं ते मला सुचत नव्हतं. साहेबच म्हणाले, "आपण असं करू. सोमवारी सकाळी सगळे हेडपासून टेलपर्यंत चालत जाऊ. कोणी कोणाला सांगायचं नाही. नुसतं बघायचं."

सोमवारी चाळीसेक माणसं निघाली. नामदेवराव येणार नाहीत अशी माझी अटकळ होती, पण ते आले, छत्रीसह. वाटेत मला हळूच म्हणाले, "मनवर, चौथी पिढी आमची ह्या गावात. मायनर झाली तवा मी ऐन जवान होतो. पण टेल मी अजून पाह्यला नाई."

"मग पोहोचतं म्हणून कसं सांगायचे?"

"तू विचारे म्हून."

पहिल्या किलोमीटरमध्ये आम्हाला नहरीच्या काठावर सात ठिकाणी प्लास्टिकचे पाइप बांधाखालून शेतात गेलेले दिसले. प्रत्येक ठिकाणी त्या शेताचा मालक म्हणाला, हा पाइप माझा नाही, आधीपासूनच आहे. पुढे बेशरमीचं रान. आणि मध्यावर, मायनरच्या पात्रात, देव.

चांगला दीड-दोन मणाचा दगड, शेंदूर लावलेला. पाणी अडवायला अगदी योग्य जागी तो बसलेला. शेजारच्या शेतकऱ्यानं हात जोडले. म्हणाला, "जागृत हाये. हलवता येत नाई."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मागे सरकलो. मी बौद्ध घरातला. त्या दगडाला मी हात लावला असता तर पाण्याचं राहिलं बाजूला, वेगळीच बातमी झाली असती. गोदाबाई पुढे आली. तिनं देवाला नीट नमस्कार केला. मग शेतकऱ्याला विचारलं, "हा कवा प्रकटला?"

"लय जुना हाये."

"पावसायात मी ह्याच पात्रातून आलती. तवा नवता."

शेतकरी विचारात पडला. कोणीतरी मागून म्हणालं, "दिवाळीनंतर येते तो. पाळी सुरू झाली का." यावर सगळ्यात मोठ्यानं हसले ते नामदेवराव.

गोदाबाईनं पदर खोचला. "देवाले असं गाळात, पाण्यात ठेवता व्हय? सर्दी नाई व्हणार त्याले?" तांड्यावरून कोणीतरी नारळ आणला. चार जणांनी दगड उचलला आणि काठावरच्या निंबाखाली बसवला. गोदाबाईनं नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं, त्या शेतकऱ्याला सगळ्यात मोठा तुकडा दिला. देव तिथं आजही आहे. आता त्याच्यावर पत्र्याचं छप्परही झालंय.

टेलला पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते. खात्यानं सिमेंटचं अस्तर केलेली नहर तिथं कोरी करकरीत होती, जशी ठेकेदारानं सोडली होती तशी. तळाला आणि दोन्ही उतारांवर रांगेनं गोवऱ्या थापलेल्या. एक म्हातारी आत बसून वाळलेल्या गोवऱ्या उलथत होती. ती गोदाबाईची सासू. एवढे लोक बघून तिनं डोक्यावरची ओढणी पुढे ओढली, पण काम थांबवलं नाही. साहेबांनी विचारलं, "आजी, इथं कधीपासून गोवऱ्या घालता?"

म्हातारी म्हणाली, "बांधली तवापासून. लय चांगली जागा. धूळ नाई, चिखल नाई."

आधी कोणीतरी हसलं. मग कोणीच हसेना. नामदेवराव काठावर उभे होते. त्यांनी छत्री मिटली. वर जिथून आपण आलो त्या दिशेला बघितलं, मग खाली गोवऱ्यांकडे, आणि तिथंच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उकिडवे बसले.

साहेब मला म्हणाले, "मनवर, मागच्या पाळीला इथं पाणी आलं होतं ना?"

आवाज मऊच होता. चाळीस माणसं ऐकत होती. मला 'थोडंफार आलं असेल' म्हणता आलं असतं. 'जिरलं असेल' म्हणता आलं असतं. आमच्या खात्यात पाणी जिरणं ही फार उपयोगी गोष्ट आहे. पण म्हातारीनं त्याच वेळी एक गोवरी उचलली आणि तिच्याखाली सिमेंटवर वर्षानुवर्षांचा गोल डाग दिसला.

मी म्हटलं, "लिहिलं होतं, साहेब. आलं नव्हतं."

साहेबांनी मान हलवली. पुढच्या आठवड्यात मला लेखी ताकीद मिळाली आणि ती माझ्या सेवापुस्तकात लागली. ताकीद देताना त्यांनी चहा मागवला होता. तो मी प्यायलो, पण चव लागली नाही.

त्या दिवशी तांड्यावर गोदाबाईनं सगळ्यांना ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा दिला. नामदेवरावांनी दोन तांबे पाणी प्यायल्यावर विचारलं, "हे कुठून आणता?" तिनं हातानं टेकडीपलीकडचा हातपंप दाखवला. त्यांनी तिसरा तांबा मागितला नाही. त्या दिवसापासून ती मला साहेब म्हणेनाशी झाली. 'मनवर भाऊ' म्हणू लागली. ताकीद महाग पडली नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

संस्था झाली. पहिला अध्यक्ष टेलचा असावा असं साहेबांनी सुचवलं. नामदेवरावांनी अध्यक्षपदासाठी नवा कुर्ता शिवला होता, हे मला त्यांच्या सुनेनं नंतर सांगितलं. त्यांनी तो कुर्ता घालूनच गोदाबाईच्या नावाला हात वर केला. पण वर म्हणाले, "मी हात वर केला, पाणी सोडलं नाई अजून."

खरी गंमत पुढे होती. संस्थेच्या पहिल्याच पावसाळ्यात तलाव पाऊणच भरला. पाळी एकच चांगली मिळणार होती. नियमाप्रमाणे टेलपासून सुरुवात. मी गोदाबाईला म्हणालो, "बाई, यंदा पाणी येणार. तुम्ही गहू पेरा." ती दरवर्षी सोयाबीन निघाल्यावर उरल्या ओलीवर हरभरा पेरायची. तिनं विचारलं,

"भाऊ, हे तुमी सांगून राह्यले का वही सांगून राह्यली?"

"मी सांगतो."

तिनं दोन एकर गहू पेरला. तांड्यावरच्या आणखी पाच घरांनी तिचं बघून पेरला. गव्हाला पेरणीनंतर वीस-एकवीस दिवसांत पहिलं पाणी लागतंच. त्या वेळी नाही मिळालं तर फुटवे येत नाहीत, आणि मग पुढे कितीही द्या, उपयोग नाही. नोकरीत मी हजारो एकरांचे आकडे लिहिले. झोप मात्र ह्या दोन एकरांनी घालवली.

सोमवारी गेट उघडलं. मंगळवारी पाणी मध्यावर आलं. बुधवारी टेलला यायला हवं होतं. आलं नाही. गुरुवारी सकाळी गोदाबाईच्या पेरणीला बाविसावा दिवस होता. ती, तांड्यावरच्या सहा बाया आणि मी टेलवरून वर चालत निघालो. प्रत्येक चारीचं तोंड तपासलं. सगळी बंद. पाइप काढलेले. देव निंबाखाली. आणि मध्यावर आलो तर काय, नामदेवरावांच्या मधल्या वावराच्या वरच्या टोकाला नहर दुथडी भरलेली आणि खालच्या टोकाला पाणी नाही. नुसता ओला गाळ.

गोदाबाईनं काही विचारलं नाही. तिथंच उभं राहून तिनं आधी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आणि मग मराठीत नामदेवरावांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. मी मनातल्या मनात तिला दुजोरा देत होतो. निरोप गेला. नामदेवराव आले, छत्री टेकत, दम लागलेला.

"काय झालं?"

"पाणी कुठं हाये, काकाजी?" गोदाबाई म्हणाली. "हात वर केला व्हता ना सभेत? मंग खालून काहून घेतलं?"

म्हातारा लालबुंद झाला. "माह्यावर आळ? माह्यावर?"

मी म्हटलं, "काकाजी, पाणी तुमच्या वावराच्या वर आहे आणि खाली नाही."

"तुह्या वहीत लिहेल हाये का?" त्यांनी मला सुनावलं. मग धोतर वर खोचून ते सरळ स्वतःच्या वावरात शिरले, वाकले, मूठभर माती उचलली आणि गोदाबाईपुढे धरली. "पाह्य. पाह्य ना. आहे का वल?"

माती कोरडीठाक होती. वाऱ्यानं उडाली.  मग पाणी गेलं कुठं?

नामदेवराव नहरीच्या दुसऱ्या बांधावर चढले. तिथं बेशरम माणसाच्या उंचीची झाली होती. ती काढायची राहिली होती, आणि ती काढायचं काम कोणाचं होतं हे मी वर सांगितलंच आहे. ते छत्रीच्या टोकानं झुडपं बाजूला सारत, बांध टोचत चालले. एका ठिकाणी छत्री आत गेली. गेली ती मुठीपर्यंत.

"घुशी," ते म्हणाले. "घुशीहीनं अख्खा बांध पोखरला."

वाकून बघितलं तर बांधाखालून पाण्याचा लोट पलीकडच्या नाल्यात पडत होता, खळखळ, मजेत. वर्षानुवर्षं तिथं पाणी कधी काठोकाठ आलं नव्हतं, म्हणून बिळं कोणाला कळली नव्हती. बांधाची तपासणी करून 'सुस्थितीत' असं लिहिणारा मीच.

मी म्हटलं, "मी ऑफिसला कळवतो. मजुरांची गँग मागवतो."

"कवा येईन?"

"सोमवारी."

"तवापर्यंत हिचा गहू तुह्या ऑफिसात पेरतो काय?" नामदेवराव म्हणाले. "पोते पाह्यजेत. रेतीनं भरेल पोते."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. भरलेली पोती अशी कोणाच्या घरी पडलेली असतात? नामदेवरावांनी खाकरल्यासारखं केलं. आभाळाकडे बघत म्हणाले, "माह्या गोठ्यात हायेत. पंचवीस-तीस असतीन."

"कायले भरून ठेवले?" गोदाबाईनं विचारलं.

"असेच. कवा कामी पडतात."

तिला कळलं. मला कळलं. सहाही बायांना कळलं. ही तीच पोती, जी दर पाळीला मायनरमध्ये आडवी पडायची आणि मी यायच्या आत उठायची. गोदाबाईनं पदर तोंडाला लावला. हसत होती की शिव्या गिळत होती, सांगता येत नाही.

बैलगाडीतून पोती आली. मग सत्तरीतला तो माणूस कमरेपर्यंत थंड पाण्यात उतरला आणि त्यानं आम्हा सगळ्यांना कामाला लावलं. मी पोतं थेट भोकावर टाकायला गेलो तर खेकसला, "अबे, असं नाई! पाणी वढून नेईन ते. आधी तुराट्या आडव्या टाक. मंग काळी माती. मंग पोतं, तिरपं. तोंड वरच्या अंगानं." नहर कशी अडवायची हे पंचक्रोशीत त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षांचा अभ्यास होता. तो त्या दिवशी त्यांनी आम्हाला सगळा उघडा करून शिकवला, वरच्यांसाठी पाणी अडवणारी पोती खालच्यांसाठी लावून. बायांनी घमेल्यांनी माती वाहिली. तीन तास लागले. शेवटचं पोतं बसल्यावर पाणी क्षणभर घुटमळलं, वर चढलं, आणि पुढे निघालं.

आम्ही पाण्याबरोबर चालत निघालो. चालत म्हणजे त्याच्या पुढे-मागे. कोरड्या नहरीतलं पहिलं पाणी दिसायला सुंदर नसतं. पुढे फेस, वाळकी पानं, काडीकचरा, त्यावर जीव वाचवणारे किडे आणि विंचू. ते माणसाच्या चालीनंच येतं, वाटेतल्या प्रत्येक भेगेपाशी थांबत. नामदेवराव ओल्या धोतरानं कुडकुडत चालत होते. मी म्हटलं, "काकाजी, घरी जा आता." म्हणाले, "पाहू दे ना बे."

चार वाजता ते तांड्यापाशी पोहोचलं. वरून पोरं ओरडली तशी म्हातारीला आणि शेजारणींना एकच धावपळ झाली. निम्म्या गोवऱ्या निघाल्या, निम्म्या वाहून गेल्या. म्हातारी काठावर उभी राहून वाहत्या गोवऱ्यांकडे बघत नहरीला बोल लावत होती. मला वाटलं होतं, गोदाबाई रडेल, हात जोडेल, काहीतरी म्हणेल. मी चेहराही तसा करून उभा होतो. ती म्हणाली, "भाऊ, बाजूले व्हा. चारीच्या तोंडावर उभे राह्यले तुमी."

गहू झाला. एकरी फार नाही, पण झाला. नामदेवरावांची पाळी सगळ्यात शेवटी आली. त्यांच्या गव्हाला उशीर झाला, दाणा बारीक भरला. ते वर्षभर भेटेल त्याला सांगत होते की ह्या तांड्यानं आणि ह्या नहरवाल्यानं मिळून माझा गहू मारला. पण दुसऱ्या वर्षी पाळीच्या आधी बांध टोचत फिरताना मी त्यांना पाहिलं. मी हाक मारली तर म्हणाले, "फिरून राह्यलो असाच. डाक्टरनं सांगलं." दोन वर्षांपूर्वी ते गेले. शेवटपर्यंत त्यांनी पोत्यांबद्दल काही कबूल केलं नाही.

ही एक मायनर झाली. माझ्याकडे तशा सहा होत्या. ताकीद मिळाल्यावर मी बाकीच्या पाचही चालत बघितल्या. दोन ठिकाणी टेलला पाणी जात होतं. तीन ठिकाणी नव्हतं, आणि तिन्ही ठिकाणी माझं सुबक अक्षर होतं. त्यातल्या एका टेलचा म्हातारा दरवर्षी अर्ज द्यायचा. तो ऑफिसात तक्रारीला आला की बाबू त्याला माझी नोंद दाखवायचे, आणि तो कागदाला हात जोडून परत जायचा. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याच्या मुलानं जमीन विकून वणीकडे खाणीवर काम धरलं होतं. म्हातारा म्हणाला, "पाणी यायचं असन साहेब, माह्यं ध्यान नसन." त्याला खरं सांगायला मला अर्धा तास लागला. सांगून झाल्यावर त्यानं मला पाणी विचारलं. मी प्यायलो नाही. आजही वाटतं, प्यायला हवं होतं.

संस्था अजून चालते. छान चालते असं नाही. सभेला कोरम भरत नाही, मधले म्हणतात हेड आणि टेल दोघं मिळून आम्हाला दाबतात, आणि तीन वर्षांतून एकदा पाळीचं वेळापत्रक कोलमडतं. पण भांडण झालं की ते शाळेच्या व्हरांड्यात होतं. पूर्वी ते नहरीवर कुऱ्हाडी घेऊन व्हायचं, किंवा होतच नसे, आणि ते जास्त वाईट होतं.

यंदा दिवाळीच्या बाजाराला दिग्रसला गेलो होतो. बसस्टँडवर गोदाबाई भेटली. केस पांढरे झालेत, आवाज तोच; अख्खा फलाट वळून बघत होता. नवऱ्यानं आता ट्रक सोडलाय, शेतीच करतो. मी संस्थेचं विचारलं. ती एकदम चिडली.

"काय सांगू मनवर भाऊ. आमच्या टेलच्या खाली ते पडीक नवतं का? तिथं आता चार घराहीनं वावरं काढले. आमच्या शेतातून पाझरून जाते त्याच्यावर गहू घेऊन राह्यले. आता म्हणतात, आमालेबी पाळीत बसवा. काल सभेत एक पोरगी उभी राह्यली, माह्या लेकीच्या वयाची. मले म्हणते, काकी, तुमी पाणी धरून ठेवता, खाली सोडत नाई. म्हणते, तुमी नामदेवराव झाल्या!"

मला हसू आवरेना. तिनं डोळे वटारले, मग तीही हसली.

"मग?" मी विचारलं. "सोडलं का पाणी?"

बस लागली होती. तिनं पिशव्या उचलल्या, पायरीवर एक पाय ठेवला आणि वळून, मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलेल्या हळू आवाजात म्हणाली,

"अर्धा दिवस देऊ म्हटलं. पण जिवावर आलं भाऊ. खोटं कायले बोलू."